यंत्राशेजारचा चेहरा

कारखान्यात, कामाच्या जागी, कामाच्याच कपड्यांत काढलेले कामगाराचे व्यक्तिचित्र हा छायाचित्रणाचा तसा रोजचा प्रकार. कंपनीचा वार्षिक अहवाल, रौप्यमहोत्सवी स्मरणिका, कामगार संघटनेच्या अंकाचे मुखपृष्ठ, स्वागतकक्षातली भिंत, सगळीकडे तो भेटतो. यंत्राशेजारी एक माणूस उभा असतो आणि कॅमेऱ्याकडे पाहत असतो. त्याच माणसाचा आणखी एक फोटो त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर असतो. गेटवरचा पहारेकरी तो पाहून त्याला आत सोडतो. दोन्हींत चेहरा एकच, पण विचारलेला प्रश्न वेगळा. समोर आला आहे तो तोच माणूस आहे, एवढेच ओळखपत्राने सांगायचे असते. व्यक्तिचित्राकडून अपेक्षा असते ती हा माणूस कोण आहे हे कळण्याची. ही अपेक्षा कारखान्यात पुरी होऊ शकते का, की माणूस ‘कोण’ आहे हे दाखवायला कारखाना ही सर्वांत अडचणीची जागा आहे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. धर्मविचारानेही आपल्या परीने त्याला हात घातलेला आहे.

हॅना आरेन्ट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ (१९५८) या ग्रंथात माणूस ‘काय’ आहे आणि ‘कोण’ आहे यांत फरक केला. कसब, गुणदोष, हुद्दा, सेवेची वर्षे हे सगळे ‘काय’मध्ये मोडते. ते सांगता येते, मोजता येते आणि दुसऱ्या कोणाकडेही असू शकते. ‘कोण’ मात्र माणूस इतरांसमोर बोलतो, वागतो तेव्हाच उघड होते, आणि त्याच्या स्वतःपेक्षा समोरच्याला ते अधिक स्पष्ट दिसते. श्रमाबद्दल आरेन्ट यांचे मत कठोर आहे. पोटासाठी, न संपणाऱ्या फेऱ्यात केलेल्या श्रमात माणसाचे ‘कोण’ प्रकट होत नाही. तिथे तो देहाच्या गरजेला जुंपलेला असतो. एक देह दमला तर दुसरा देह त्याच्या जागी चालतो. गिरणगावात यासाठी शब्दच होता: बदली. कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभे राहायला मिळेल या आशेने सकाळी गिरणीच्या दरवाजात ताटकळणारा माणूस म्हणजे बदली कामगार. काहींची अशी वर्षेच्या वर्षे गेली. एकाच्या जागी दुसरा चालतो या व्यवहाराचे जिथे नोकरीच्या प्रकाराला नाव मिळाले, तिथे उभ्या असलेल्या माणसाचे असे चित्र काढायचे की त्यात त्याच्या जागी दुसरा कोणीही चालणार नाही, अशी ही कामगिरी आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत हे काम कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वितळलेले बीड साधारण १४०० अंश सेल्सिअसला साच्यात ओतले जाते, त्यामुळे ओतकाम चालू असताना कोणाला थांबवून उभे करता येत नाही. फोटोची वेळ ओतणी संपल्यावरची किंवा पाळी बदलतानाची. सुपरवायझर नाव पुकारतो. मोल्डर वाळूच्या साच्यापासून उठतो, गुडघे झटकतो, हेल्मेट काढतो. कपाळावर पट्ट्याचा आडवा वळ उमटलेला असतो; वळाच्या वर कातडीचा रंग उजळ, खाली काळ्या वाळूची पूड. मग तो कॉटन वेस्टचा गोळा घेतो आणि हात पुसायला लागतो. फ्रेम छातीपर्यंतच आहे, हात दिसणार नाहीत, असे त्याला सांगितलेले असते. तरीही तो पुसतो, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेने, सावकाश. शेवटी शर्टाचे वरचे बटण लावतो आणि समोर बघतो.

देवळात शिरण्याआधी नळाखाली पाय धुणारा जे करतो, दारात पाहुणे आले म्हणताच पदराला हात पुसत बाहेर येणारी बाई जे करते, तेच इथे घडते. इतका वेळ कामापुरता असलेला माणूस आता कोणाच्या तरी समोर येतो आहे. वाळूला आणि लोखंडाला स्वच्छ हात लागत नाहीत, माणसाला लागतात. आरेन्ट यांचे म्हणणे खरे धरले तर ‘कोण’ दिसण्याची जागा श्रमात नसून श्रमाला पडलेल्या या लहानशा खंडात आहे. पुष्कळ छायाचित्रकार चित्र स्वाभाविक वाटावे म्हणून कामात गढलेला माणूस टिपतात, वर बघू नका अशी सूचना देतात. अशा चित्रातून कामाची माहिती उत्तम मिळते. व्यक्तिचित्र म्हणून ते कमी पडते, कारण त्यातला माणूस कोणाच्याच समोर नसतो.

या प्रश्नाशी सर्वांत दीर्घकाळ झगडलेला छायाचित्रकार म्हणजे जर्मनीतले ऑगस्ट झांडर (१८७६–१९६४). हेर्डोर्फ या खाणींच्या गावात त्यांचा जन्म झाला. पोरवयात ते लोखंडाच्या खाणीत कामाला होते, आणि खाणीचे फोटो काढायला आलेल्या एका छायाचित्रकाराला मदत करताना त्यांची कॅमेऱ्याशी ओळख झाली. पुढे कोलोनमध्ये स्टुडिओ चालवताना त्यांनी ‘विसाव्या शतकातील माणसे’ हा अवाढव्य प्रकल्प हाती घेतला. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, व्यवसाय, कलावंत, शहर अशा गटांत सगळा समाज चेहऱ्यांतून मांडायचा, असा त्यांचा बेत होता. त्यातली ६० चित्रे १९२९ साली ‘काळाचा चेहरा’ या अर्थाच्या जर्मन शीर्षकाच्या पुस्तकात आली. चित्राखाली बहुधा नाव नसे, धंदा असे. १९२८ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात विटा वाहणारा बिगारी आहे. खांद्यावर आडवी फळी, फळीवर विटांची चळत, दोन्ही हातांनी ती धरलेली, मागे नुसता काळोख. चित्राचे नावही बिगारी असेच. पण तो माणूस ज्या नजरेने समोर बघतो, ती ‘बिगारी’ या शब्दात मावत नाही. शीर्षक त्याला वर्गात बसवते आणि चेहरा वर्गातून उठून उभा राहतो. झांडर यांच्या उत्तम चित्रांचे सामर्थ्य या ओढाताणीत आहे.

१९३६ साली नाझी राजवटीने त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले. माणसांना वंशाच्या एकाच साच्यात ओतू पाहणाऱ्यांना एकमेकांशी न जुळणारे हे चेहरे सोयीचे नव्हते. झांडर यांचा मुलगा एरिक डाव्या चळवळीत होता. १९३४ मध्ये त्याला अटक झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती संपत आली असताना १९४४ साली तो तुरुंगातच मरण पावला. तुरुंगात त्याने आपल्या सोबतच्या कैद्यांचे फोटो काढले होते. वडिलांनी ते आपल्या संग्रहात घेतले आणि अखेरच्या गटात मुलाच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या मृत्यूमुखवट्याचे छायाचित्रही ठेवले. समाजाचे नमुने गोळा करायला निघालेल्या माणसाच्या संग्रहात शेवटी एक चेहरा असा आला की ज्याला नमुना म्हणणे त्यालाच शक्य नव्हते.

धंदा लिहून माणूस दाखवण्याची रीत भारतात आली तेव्हा तिला वेगळेच दात फुटले, कारण इथे धंदा म्हणजे जात. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. स्टुडिओत उभी केलेली माणसे नंतर मुंबई परिसरातल्या दृश्यांवर जोडलेली, अशी त्यांतली चित्रे आहेत. जागा खोटी, माणूस खरा, आणि दोन्ही मिळून पुरावा जातीचा. १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादित केलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ आठ खंडांत निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती, आणि राज्यकर्त्यांना प्रजा ओळखता यावी हा त्यामागचा हेतू. अवजार हातात दिले की माणूस ठरला, हे या चित्रांचे व्याकरण.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात जातिव्यवस्थेचे वर्णन केले ते श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी असे. हे ध्यानात ठेवले तर अवजारासह काढलेले व्यक्तिचित्र भारतात कधीच निरागस राहत नाही. पॅरिसच्या सुताराच्या हातातला रंधा त्याचे कसब सांगतो. इथल्या झाडूवाल्याच्या हातातला झाडू त्याच्या आजोबांपर्यंत मागे जातो आणि त्याच्या मुलाकडेही बोट दाखवतो. म्हणून कारखान्यात सफाई करणाऱ्या माणसाला झाडू हातात घ्यायला लावून फोटो काढणे आणि टर्नरला लेथशेजारी उभे करून काढणे ही एकच गोष्ट नाही. टर्नरने आयटीआयमध्ये दोन वर्षे घालवून ते काम निवडलेले असते. झाडू निवडलेला असतो असे गृहीत धरता येत नाही. या फरकाकडे डोळेझाक करून सगळ्यांना एकसारखे आपापल्या साधनासह टिपणाऱ्या स्मरणिका समतेच्या नावाखाली विषमताच छापतात.

मात्र याच मुलखात याच्या उलट जाणारी परंपराही आहे. वारकरी संतांची नावे त्यांच्या कामासकट घेतली जातात: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. कॅलेंडरवरच्या चित्रांत ते नेहमी कामाच्या जागीच असतात. तेरचा गोरा चिखल तुडवतो आहे, अरणचा सावता मळ्यात आहे. परंपरेचे सांगणे असे की देव भेटायला काम सोडून कुठे जावे लागले नाही, सावत्याला तो मळ्यातच भेटला. आरेन्ट यांच्या मताला एवढे थेट उत्तर दुसरे सापडणार नाही. माणसाचे ‘कोण’ श्रमाच्या पोटातच प्रकट होते, असे हे उत्तर आहे. त्यात जातीचा उल्लेख पुसलेला नाही, हा त्याचा दोषही आहे आणि प्रामाणिकपणाही. पण क्रम पाहण्यासारखा आहे. नाव आधी येते, काम मागून. ‘एक कुंभार’ असे कोणी म्हणत नाही, गोरोबाकाका म्हणतात.

चोखामेळ्याची कथा या परंपरेत सर्वांत अवघड जागी उभी आहे, आणि औद्योगिक छायाचित्रणाशी तिचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरच्या मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले तेव्हा ढिगाऱ्यातली सगळी हाडे सारखीच. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे त्यांनी ओळखले आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांना जागा मिळाली ती दाराबाहेरच. कामावरच्या अपघातात मेलेल्या मजुराची ओळख पटवण्याची ही कथा आहे. ओळख पटली ती त्यांच्या नावाने नव्हे; ते जे नाव घेत होते, त्या नावाने. बाकीच्या मजुरांबद्दल कथा काही बोलत नाही. त्याच भिंतीखाली, त्याच दिवशी, तेच काम करताना ते मेले, आणि त्यांची हाडे हाडेच राहिली. भक्तीने एकाला ‘कोण’ केले आणि बाकीच्यांना ‘काय’च ठेवले, हे वाचणाऱ्याला टोचले पाहिजे. कामगारांचे व्यक्तिचित्र काढण्यामागे काही नैतिक निकड असेल तर ती या उरलेल्या मजुरांपाशी आहे.

चित्रात नेमके काय येते, याचा काटेकोर विचार ख्रिस्ती धर्मशास्त्रात आठव्या आणि नवव्या शतकांत झाला. बायझंटाईन साम्राज्यात मूर्तिचित्रे फोडणारे आणि जपणारे यांच्यात शंभरावर वर्षे संघर्ष चालला. ७८७ साली नायसियाच्या धर्मपरिषदेने चित्रांच्या बाजूने कौल दिला, पण वाद थांबला नाही. चित्रे जपणाऱ्यांपैकी स्टुडिओस मठाचे थिओडोर (७५९–८२६) यांचा युक्तिवाद या विषयाला थेट लागू पडतो. चित्र कधीही ‘माणूसपणाचे’ काढता येत नाही, असे ते म्हणत. माणूसपण ही सर्वांत सामाईक गोष्ट, तिला नाक-डोळे नाहीत. चित्र निघते ते कोणा एकाचे, त्याच्या स्वतःच्या खुणांसह, आणि म्हणून चित्रावर त्याचे नाव लिहायचे. पूर्वेकडच्या चर्चमधल्या चित्रांवर आजही नाव असते. ‘आमचे कष्टकरी हात’ किंवा ‘आमची खरी संपत्ती’ अशा ओळीखाली बिनानावाचा चेहरा छापणारा अहवाल नेमके तेच करू पाहतो जे थिओडोर यांच्या मते अशक्य आहे: चेहरा एकाचा, आणि म्हणायचे की हा सगळ्यांचा आहे.

भारतीय देवळातले दर्शन याच्या शेजारी ठेवता येते. दर्शनात भक्त देवाला बघतो आणि देव भक्ताला. दुसरे नसेल तर पहिले अपुरे. मूर्ती घडवताना डोळे शेवटी उघडतात, त्याचा स्वतंत्र विधी असतो, आणि त्यानंतरच ती बघणारी होते. व्यक्तिचित्र काढणाराही आधी डोळ्यावर फोकस धरतो. कानाची पाळी किंवा खांदा थोडा धूसर झाला तरी चालतो, डोळा धूसर झाला तर चित्र बाद. ही तांत्रिक सवय असेल, पण तिच्यात जुनी समज दडलेली आहे. चित्रातल्या माणसाने बघणाऱ्याकडे बघितले पाहिजे.

इमॅन्युएल लेव्हिनास (१९०६–१९९५) यांच्या तत्त्वज्ञानातून या सगळ्यालाच हरकत निघते. ‘टोटॅलिटी अँड इन्फिनिटी’ (१९६१) मध्ये त्यांनी चेहरा ही सर्व नीतीची सुरुवात मानली, पण चेहरा म्हणजे दिसणारा चेहरा नव्हे. नाक, कपाळ, डोळ्यांचा रंग न्याहाळायला लागले की समोरचा माणूस वस्तू होतो. चेहरा पाहण्याआधीच आज्ञा करतो, जबाबदारी टाकतो, आणि कोणत्याही प्रतिमेत तो पुरता मावत नाही. कॅमेरा नेमका न्याहाळण्याचे यंत्र आहे, त्यामुळे ही हरकत हलकी नाही. पण तिला कारखान्यात नेऊन पाहायला हवे.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९३४–३५ मध्ये शिक्षिकेची नोकरी बाजूला ठेवून पॅरिसच्या कारखान्यांत कामगार म्हणून काम केले. त्या अनुभवाने आपल्यावर गुलामाचा शिक्का कायमचा उमटला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर कोणी कधी खेकसल्याशिवाय बोलले तर काहीतरी चूक झाली असावी असे त्यांना वाटे. लेव्हिनास यांना भीती वाटते ती फार निरखून पाहण्याची. वेल यांनी सोसले ते कोणी न पाहणे. जिथे दिवसभर उत्पादनाचा आकडा पाहिला जातो आणि माणूस टोकन नंबराने ओळखला जातो, तिथे कोणीतरी पाच मिनिटे थांबून नाव विचारणे आणि चेहऱ्याकडे लक्ष देणे ही लहान गोष्ट नाही. लक्ष देणे हेच वेल यांच्या विचाराचे केंद्र होते, आणि प्रार्थनेलाही त्या लक्षच म्हणत. चित्र चेहऱ्याला पुरे पडत नाही हे लेव्हिनास यांचे म्हणणे कायम राहते. ते आठवणीत ठेवून काढलेले चित्र आणि विसरून काढलेले चित्र यांतला फरकही कायम राहतो.

आता संमतीचा प्रश्न. कांट यांनी १७८५ मध्ये मांडलेले तत्त्व सर्वपरिचित आहे: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः साध्यही आहे. ‘केवळ’ या शब्दावर सगळा भार आहे. कंपनीला छान अहवाल हवा आहे आणि त्यासाठी कामगाराचा चेहरा उपयोगी आहे, एवढ्याने अन्याय होत नाही. अन्याय होतो तो ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याला उभे केल्याने. ठेकेदाराकडून आलेल्या कंत्राटी कामगाराचा गेटपास पुढच्या महिन्यात चालू राहील की नाही हे ज्याच्या हातात आहे, तोच ‘जरा फोटोला ये’ म्हणतो. कामगार येतो, हसतो, सहीही करतो. या सहीला संमती म्हणणे म्हणजे भाषेची फसवणूक आहे. नकाराची कारणे खासगी असू शकतात. एखाद्या मुस्लिम कामगाराला चेहऱ्याची प्रतिमा धर्मदृष्ट्या नको असेल. एखाद्या बाईला कामाच्या गणवेशातला आपला फोटो गावच्या नातलगांपर्यंत जायला नको असेल. आपण काय काम करतो हे मुलांच्या शाळेत कळू नये म्हणून धडपडणारा सफाई कामगारही असतो. ही कारणे विचारू नयेत. नकार दिल्याने काही बिघडत नाही हे आधीच, सुपरवायझर जवळ नसताना, सांगून टाकावे.

संमतीचा नियम उलटा फिरवावा लागतो अशीही प्रकरणे आहेत. लुईस हाइन (१८७४–१९४०) अमेरिकेच्या राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी १९०८ पासून गिरण्या, खाणी आणि काचकारखान्यांत मुलांचे फोटो काढत हिंडले. मालकांची परवानगी मिळणे शक्यच नव्हते, म्हणून ते कधी तपासनीस, कधी बायबल विकणारा अशी सोंगे घेऊन आत शिरत. मुलांची उंची ते आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजत. नाव, वय, कामाचे तास यांच्या नोंदी करून घेत. मालकाला फसवून आत शिरलेला हा माणूस मुलाचे नाव मात्र चुकवत नसे. मुंबईत छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांवर जे काम केले तेही या वाटेचे. तिथे कामाची जागाच अपमानाची आहे, त्यामुळे ती चित्रातून वगळली तर खोटेपणा होतो आणि दाखवली तर माणूस घाणीशी जखडला जातो. यातून निघायला एकच मार्ग दिसतो: त्याच माणसाचे घर, वस्ती, बायकामुले हेही दाखवायचे, म्हणजे कामाची जागा ही त्याच्या आयुष्यातली एक जागा राहते.

सत्ता उलट्या बाजूला असते तेव्हा काय होते, याचे उदाहरण १९६३ चे आहे. आर्नल्ड न्यूमन या ज्यू छायाचित्रकाराने एसेनच्या कारखान्यात आल्फ्रीड क्रुप यांचे व्यक्तिचित्र काढले. गुलाम मजूर वापरल्याबद्दल न्यूरेंबर्गला १९४८ मध्ये दोषी ठरलेले हे उद्योगपती. न्यूमन यांनी दिवे असे लावले की चेहरा सैतानी दिसावा, आणि तसा तो दिसला. हे चित्र थोर मानले जाते. त्यात न्याय आहे, यातही शंका नाही. तरी तेही माणसाला ‘काय’मध्येच बसवते, याची नोंद करायला हवी. कामगाराशी जी गोष्ट करू नये ती मालकाशी केली तर चालते, एवढेच ते सिद्ध करते. आणि त्या मालकाच्या बाबतीत ते मान्य करायला हरकत नाही. क्रुपच्या कारखान्याबद्दल नाटककार ब्रेख्त यांनी आधीच एक इशारा देऊन ठेवला होता, तो वॉल्टर बेंजामिन यांनी छायाचित्रणावरच्या १९३१ च्या आपल्या निबंधात घेतला आहे: अशा कारखान्याच्या नुसत्या छायाचित्राने त्या संस्थेबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. यंत्रामागे पगार दिसत नाही, पाळीचे तास दिसत नाहीत, कोण कायम आणि कोण कंत्राटी ते दिसत नाही.

मग पार्श्वभूमी काढूनच टाकावी का? अर्व्हिंग पेन यांनी १९५०–५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कारागिरांना, कामगारांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत आणि अवजारांसह स्टुडिओत बोलावले आणि साध्या पडद्यासमोर उभे केले. रिचर्ड अ‍ॅव्हडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातले खाणकामगार, तेलविहिरींवरचे मजूर पांढऱ्या कागदापुढे टिपले. अंगावरचा कोळसा आणि तेल तेवढे शिल्लक राहिले. जागा काढल्यावर माणसाला मोठी प्रतिष्ठा येते हे खरे; बडे लोक ज्या पडद्यासमोर उभे राहतात त्याच पडद्यासमोर तो उभा असतो. पण त्याची जागा ही त्याची कमाईही असते. वीस वर्षे एकाच लेथवर काढलेल्या टर्नरला त्या यंत्राचा बदललेला आवाज कोणाच्याही आधी कळतो. ते यंत्र चित्रातून काढणे म्हणजे त्याच्या तोंडचे वाक्य काढून घेण्यासारखे आहे. जागा ठेवावी, पण त्याला विचारून ठेवावी: कुठे उभे राहायला आवडेल? या प्रश्नाला आलेले उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते. कोणी यंत्र सोडून खिडकीपाशी जातो, कोणी जोडीदाराला बोलावतो.

बाकीचे निर्णय तंत्राचे दिसतात, पण तेही याच प्रश्नात येतात. रुंद कोनाची लेन्स जवळून वापरली की यंत्र भव्य आणि नाक मोठे होते. मध्यम लांबीची, ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स चेहऱ्याला त्याच्या मापात ठेवते. कॅमेरा खाली ठेवला की माणूस पुतळा होतो, वर ठेवला की लहान होतो. डोळ्याच्या उंचीवर ठेवला की तो समोर येतो. सुरक्षा गॉगल काढावा की ठेवावा, हा वाद प्रत्येक कारखान्यात होतो. चेहरा हवा म्हणून चालू यंत्राजवळ तो काढायला लावणे चूक आहे. एका चित्रासाठी माणसाचा डोळा धोक्यात घालून त्याच्या डोळ्यांचा मान राखता येत नाही. यंत्र बंद करावे, मग काढावा. रंगकामाच्या किंवा सॉल्व्हंटच्या विभागात ठिणगीचा धोका असल्याने साधा कॅमेरा आणि फ्लॅश नेऊच नयेत. तिथल्या माणसाला बाहेर, उजेडात भेटावे.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांत वर्षातून एकदा हे सगळे प्रश्न आपोआप सुटल्यासारखे होतात. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला यंत्रे पुसून लख्ख केली जातात, त्यांना हळद-कुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. त्या दिवशी कामगार धुतलेल्या कपड्यांत येतो, कधी बायकामुलांना घेऊन येतो, आणि आपल्या यंत्राशेजारी उभा राहून मोबाइलवर फोटो काढून घेतो. यंत्र बंद असते, सुपरवायझर प्रसाद वाटत असतो. जागा तीच, माणूस तोच, पण चित्र त्याचे असते, कारण ते त्याने मागितलेले असते. वर्षभर त्याने यंत्राची चाकरी केलेली असते. त्या दिवशी यंत्र देवाच्या जागी असते आणि तो यजमानाच्या. अहवालासाठी आलेल्या छायाचित्रकाराने या फोटोंकडे लक्ष देऊन पाहावे. कामगार स्वतःला कुठे, कोणाबरोबर आणि केवढा दाखवू इच्छितो, ते त्यांत दिसते.

अहवालाचे चित्र छापून झाले की बहुधा मोठ्या संचिकेत जाते आणि ज्याचे ते असते त्याला मिळत नाही. ही चूक सहज टाळता येते, म्हणून ती अधिक बोचते. मराठी घरात माणूस गेल्यावर भिंतीवर त्याचा फोटो लागतो, त्याला हार चढतो, वर्षश्राद्धाला तो पुसला जातो. अनेक कामगारांच्या घरी असा फोटो ऐनवेळी सापडत नाही. मग कपाटातले जुने ओळखपत्र काढतात, कोपऱ्यातल्या स्टुडिओत नेतात, तो दीड इंची चेहरा वाढवून घेतात. मागची पांढरी भिंत निळी करतात, कॉलरखाली आलेला टोकन नंबर पुसून टाकतात. वाढवताना डोळे फुटतात, ठिपके दिसायला लागतात, तरी घरचे तोच लावतात. कारखान्यात कोणीतरी थांबून, नाव विचारून, नीट उजेडात काढलेल्या चित्राची एक चांगली प्रत, आठ बाय दहा इंचांची, मागे नाव आणि तारीख लिहून, त्याच महिन्यात त्याच्या हातात द्यायला हवी. ती घेतानाही तो आधी हात पुसतो.